इंजेक्शनच्या सुईचं सुरक्षा-कव्हर: कोणतं काम आधी, कोणतं नंतर

पॉलिटेक्निक आणि इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचे प्रकल्प, स्टार्टअप स्पर्धा, छोट्या मोल्डिंग कारखान्यांची ‘मेडिकलमध्ये काहीतरी करू’ ही हौस. या तिन्हीकडून सुईच्या सुरक्षा-कव्हरची, म्हणजे वापरलेली सुई कुणाला टोचू नये म्हणून ती झाकणाऱ्या भागाची, डिझाइन्स सतत पुढे येत असतात. संभाजीनगरजवळच्या वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्यात गाड्यांचे प्लास्टिकचे सुटे भाग ओतणारे भरपूर आहेत, साचे बनवणारी टूलरूम हाताशी आहे, त्यामुळे भाग बनवणं अडत नाही. अडतं ते क्रमावर. आधी स्क्रीनवर मॉडेल, मग थ्रीडी प्रिंट, मग मोल्डचं (साच्याचं) कोटेशन आणि सगळ्यात शेवटी एखाद्या सिस्टरला दाखवणं. ती दोन मिनिटांत सांगते की याला दुसरा हात लागतो आणि माझा दुसरा हात रिकामा नसतो. तोवर मोल्डचा ॲडव्हान्स गेलेला असतो.

सगळ्या कामाला एकच कसोटी लावा. सुई अंगातून बाहेर आल्यापासून डब्यात पडेपर्यंत कुणाचंही बोट टोकाच्या पुढच्या बाजूला जायची वेळ येता कामा नये. ज्या कव्हरमुळे ती वेळ येते ते कव्हर म्हणजे महागडं टोपण. वापरलेल्या सुईला टोपण परत लावू नका, असं आरोग्य कर्मचाऱ्यांना प्रशिक्षणात शिकवतातच. तेच काम आपण नव्या नावाने त्यांच्याकडून करून घ्यायचं नाही.

## १. सुई एकच, काम एकच

‘सर्व सुयांसाठी एकच कव्हर’ असं वाक्य अहवालाच्या पहिल्या पानावर असेल तर आधी ते खोडा. गेजचा आकडा जितका मोठा तितकी सुई बारीक. २१ गेजची सुई (हबचा, म्हणजे सिरिंजवर बसणाऱ्या प्लास्टिकच्या बुडाचा रंग हिरवा) बाहेरून ०.८ मिमी जाड असते, २३ ची (निळी) ०.६, २४ ची (जांभळी) ०.५५ आणि २६ ची (तपकिरी) ०.४५ मिमी. फरक केसाएवढा दिसतो, पण वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या चौथ्या घाताने बदलतो. त्यामुळे तेवढ्याच लांबीची २६ ची सुई २१ च्या जवळपास दहावा हिस्सा ताठ असते. हिरव्या सुईवर टक्कन बसणारं कव्हर तपकिरी सुईला नुसतं बाजूला ढकलतं आणि टोक बाहेरच राहतं.

रंगांबाबत आणखी एक घोळ होतो. वरचे रंग साध्या इंजेक्शनच्या सुयांचे आहेत. सलाईनच्या कॅन्युलाचे (शिरेत ठेवायच्या नळीचे) रंग वेगळे: तिथे हिरवी म्हणजे १८, गुलाबी म्हणजे २० आणि निळी म्हणजे २२ गेज. वॉर्डातून ‘निळी सुई’ एवढंच लिहून आणलं तर कशाची निळी, हे घरी येऊन कळत नाही.

कामही एकच ठरवा. दंडात किंवा कमरेत द्यायचं इंजेक्शन, रक्त काढणं, इन्सुलिन पेन आणि सलाईन लावणं ही चार वेगळी कामं आहेत. धोका सगळीकडे सारखा नाही. रक्त काढायच्या सुईच्या पोकळीत रक्त उरतं, त्यामुळे ती टोचणं स्नायूत दिलेल्या इंजेक्शनच्या सुईपेक्षा जास्त घातक. रुग्ण बाधित असेल आणि टोचलेल्याने लस घेतलेली नसेल तर हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता शंभरात तीसपर्यंत जाते. एचआयव्हीची हजारात साधारण तीन. इन्सुलिन पेनच्या सुईला दोन टोकं असतात आणि पेनच्या आत जाणारं मागचं टोक बहुतेक डिझाइनवाले विसरतात. कॅन्युलात सुईचं टोक लपवणारी बारीक धातूची क्लिप लागते. ते पहिल्या प्रकल्पाचं काम नाही.

पहिल्यांदा करत असाल तर २३ गेज, २५ मिमी लांब, २ मिलीच्या सिरिंजवरची सुई घ्या. बाजारात सहज मिळते, हाताळायला बरी आहे आणि वापर भरपूर आहे.

तपासणी: एका ओळीत लिहा: कोणती सुई, कोणती सिरिंज, कोण वापरणार, कुठे. ओळीत ‘किंवा’ आला तर अजून ठरलेलं नाही असं समजा.

## २. वॉर्डात उभं राहा, सॉफ्टवेअर नंतर उघडा

ही पायरी सगळे गाळतात आणि सगळं काही इथेच ठरतं. संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात, अंबाजोगाईच्या स्वाराती वैद्यकीय महाविद्यालयात, नांदेडला विष्णुपुरीच्या शासकीय महाविद्यालयात किंवा तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात अधिष्ठाता किंवा वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे अर्ज द्या. कॉलेजचं पत्र जोडा. रुग्णाचे फोटो, नावं, केसपेपर यातलं काहीही घेणार नाही, हे अर्जातच लिहा. मेट्रनना (मुख्य परिचारिकांना) आधी भेटा. परवानगी कागदावर वरून मिळते, पण कुठे उभं राहायचं ते मेट्रन सांगतात.

काय बघायचं? तो एक सेकंद. सुई दंडातून बाहेर येते, त्याच क्षणी सिस्टरच्या डाव्या हातातला कापसाचा बोळा टोचलेल्या जागेवर दाबला जातो. उजव्या हाताचा अंगठा अजून दट्ट्यावर आहे, तर्जनी आणि मधलं बोट सिरिंजच्या पंखांखाली. लहान मूल असेल तर ते आईच्या मांडीवर पाय झाडतंय. बाजूला पुढचा रुग्ण बाही वर करून उभा. पुढच्या सेकंदाला सिरिंज ट्रेमध्ये पडते किंवा हातात तशीच धरून ती मागे वळते. कव्हर लागायचं असेल तर ते या सेकंदातच, उजव्या हाताने, बोळा न सोडता. तेव्हा अंगठा दट्ट्यावरून हबपर्यंत यायला पकड किती बदलावी लागते, हे मोजायचं खरं माप आहे. २ मिलीच्या सिरिंजवर ते अंतर छोटं आहे, १० मिलीच्या सिरिंजवर हात पूर्ण सोडून धरावा लागतो.

शिवाय एवढं टिपून आणा:

- वापरलेल्या सुया टाकायचा पांढरा डबा (ज्यातून सुई आरपार जात नाही तो) हाताच्या अंतरावर आहे, की खोलीच्या दुसऱ्या टोकाला?
- हातमोजे आहेत का, कोणत्या मापाचे, आणि स्पिरिटने ओले असतात का?
- डावखुरं कुणी आहे का? त्यांना वेगळं बघा.
- ट्रे आवरतं कोण? डबा उचलणाऱ्या मावशी आणि मामांनाही विचारा. कित्येकदा सुई त्यांनाच टोचते आणि प्रश्नावलीत त्यांचं नावच नसतं.
- नीडल कटर आहे का?

शेवटच्या प्रश्नावर थांबा. आपल्याकडे सरकारी दवाखान्यांत सुई कटरमध्ये घालून तोडायची सवय मुरलेली आहे. लसीकरण सत्रात तर हबपाशी सुई तोडणारा हब कटर ठेवलेलाच असतो. कव्हर लागलेली सुई कटरच्या भोकात जात नाही. मग काय होतं? कव्हर ओढून काढलं जातं, म्हणजे आपण एक नवीन धोका तयार करून दिला. यावर उत्तर डिझाइन सुरू करण्याआधी हवं. कव्हरसकट अख्खी सिरिंज पांढऱ्या डब्यात जाणार असेल तर जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ मध्ये त्याला जागा आहे. सुई जोडलेली सिरिंज त्याच डब्यात टाकायची असते. मात्र डबा लवकर भरेल, तेव्हा तो कोण आणि कधी बदलणार ते विचारून घ्या. लसीकरणाच्या ऑटो-डिसेबल (एकदा वापरल्यावर आपोआप निकामी होणाऱ्या) सिरिंजला कव्हर करायचा मोह होतो. हब कटरचं काय करायचं ते ठरत नाही तोवर त्या वाटेला जाऊ नका.

खबरदारी: बघायला जाणाऱ्या प्रत्येकाची हिपॅटायटिस बी लस झालेली असावी (० , १ आणि ६ महिने). ट्रे, डबा, वापरलेली सिरिंज, कशालाही हात लावायचा नाही. ‘नमुन्यासाठी एक सुई’ तर मुळीच आणायची नाही. चुकून टोचलंच तर जखम पिळू नका, साबण-पाण्याने धुवा आणि लगेच तिथल्या डॉक्टरांना सांगा. एचआयव्ही प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांत सुरू व्हावं लागतं, ७२ तासांनंतर त्याचा उपयोग नाही.

## ३. प्रकार निवडा

ढोबळ चार प्रकार आहेत. बिजागरीवर फिरून सुईवर बसणारं झाकण. सिरिंजवरून पुढे सरकणारी नळी. स्प्रिंगने सुई आत ओढणारी सिरिंज. आणि आपोआप बंद होणारं, जिथे वापरणाऱ्याला काहीच करावं लागत नाही.

आपोआप होणारं कव्हर सगळ्यात सुरक्षित, कारण घाईत विसरायची सोयच नसते. पण भाग जास्त, स्प्रिंग जास्त, खर्च जास्त. शिवाय स्प्रिंग जोरात सुटली तर टोकावरचा थेंब उडतो आणि डोळ्यात जाऊ शकतो. सरकणारी नळी स्वस्त दिसते, पण ती सिरिंजवरचे आकडे झाकते आणि पुढे ढकलायला बहुधा दोन हात लागतात. छोट्या टूलरूमने सुरुवात करायची तर बिजागरीचं झाकण ठीक. एक मोल्ड, एक माल, एका अंगठ्याचं काम. पुढचं सगळं मी त्यालाच धरून लिहितो आहे.

एक वाट मात्र मी सरळ बंद करेन: दवाखान्यात नेऊन कोणत्याही सुईवर हाताने बसवायचं सुटं कव्हर. ते बसवताना हात सुईजवळ जातो, निर्जंतुक सुईला बाहेरचा भाग लागतो आणि न बसवताही इंजेक्शन देता येतं, म्हणजे गर्दीच्या दिवशी ते बसवलंच जाणार नाही. कव्हर कारखान्यातच हबवर बसून, सुईसोबत एकाच पाकिटात यायला हवं.

## ४. मापं घ्या, पण योग्य जागेची

हबच्या आतला निमुळता भाग, जो सिरिंजच्या नाकावर बसतो, तो मानकाने बांधलेला असतो: सहा टक्के उतार, आयएसओ ८०३६९-७ प्रमाणे. म्हणून कोणतीही सुई कोणत्याही सिरिंजवर बसते. हबचा बाहेरचा आकार मात्र ज्याचा त्याचा. एका कंपनीच्या हबवरच्या कडा आठ, दुसरीच्या चार, तिसरीचा हब गोल. एकाच कंपनीची सुई मोजून कॉलर (कव्हरची हबवर बसणारी कडी) बनवली की दुसऱ्या कंपनीच्या सुईवर ती फिरत बसते. दोनच मार्ग आहेत: हब आपला आपण बनवायचा, नाहीतर एका सुई उत्पादकाशी ठरवून त्याच्याच हबसाठी कॉलर करायची.

निरनिराळ्या बॅचच्या नव्या, सीलबंद सुया घ्या आणि हबचा बाहेरचा व्यास, हबपासून टोकापर्यंतची लांबी आणि सुई हबमध्ये किती तिरकी बसली आहे, हे तिन्ही मोजा. तिरकेपणा कुणी मोजत नाही. पायाशी जो फरक दिसतही नाही, तो २५ मिमी पुढे टोकाशी एवढा होतो की टोक झाकणाच्या भिंतीला लागतं.

मग तीन गोष्टी कागदावर काढा.

पहिली, बेव्हल. टोकाचा तिरका कापलेला भाग वर ठेवून सुई घालतात, विशेषतः शिरेत जाताना, आणि तो नजरेला दिसावा लागतो. उघडलेलं झाकण बेव्हलच्या बाजूला असेल तर दृष्टीच्या आड येतं. अगदी खाली असेल तर कमी कोनातून सुई घालताना त्वचेला टेकतं. स्नायूत ९० अंशांतून द्यायच्या इंजेक्शनला हे जाणवत नाही, म्हणून पायरी १ मधली ओळ पुन्हा वाचा.

दुसरी, मूळचं टोपण. वापरायच्या आधी ते ओढून काढावं लागतं. ते फार घट्ट असेल तर जोराने ओढल्यावर हात मागे उसळतो आणि सुई दुसऱ्या हातात जाते. फार सैल असेल तर पाकिटातच निघतं. आणि टोपण काढताना सुरक्षा-झाकणाचा खटका चुकून पडला तर सुई वापराआधीच वाया.

तिसरी, झाकणाची फट. झाकण एका बाजूने उघडं असतं, त्यातूनच सुई आत शिरते. फट रुंद ठेवली तर सुई सहज शिरते, पण बोटाचा मऊ भागही आत दाबला जातो. म्हणून फटीची रुंदी आणि सुई फटीपासून किती खोल बसते, हे दोन्ही एकत्र ठरवा, आणि हे माप सुई बाजूला दाबून धरून घ्या. मधोमध असलेल्या सुईचं माप फसवं असतं.

## ५. खटका: सगळा जीव इथे

झाकण बसलं की परत उघडता कामा नये. डब्यात पडताना, डबा गाडीत हिंदकळताना, मावशीच्या हातून सांडला तरी. यासाठी दोन जागी अडकवा. एक खटका हबच्या कॉलरवर, बिजागरीजवळ. दुसरा झाकणाच्या आत, खुद्द सुईला पकडणारा आकडा. आकडा एका बाजूने उतरता आणि दुसऱ्या बाजूने सरळ असावा: सुई आत घसरते, बाहेर येत नाही.

हा आतला आकडा कुठे ठेवायचा यावर बहुतेक डिझाइन पडतात. टोकाजवळ ठेवला तर खात्री जास्त वाटते, कारण टोकच पकडलं. पण सुई म्हणजे एका टोकाला धरलेली तार आहे. हबपासून जितकं दूर जावं तितकी ती मऊ होते, तीही अंतराच्या घनाने. हबपासून २० मिमीवर सुई जेवढी ताठ, त्याच्या आठपट १० मिमीवर असते. टोकाजवळचा आकडा उघडायला जेवढा जोर लागतो तेवढ्यात सुईच वाकून बाजूला होते. म्हणून आकडा लांबीच्या मध्याच्या आसपास, किंवा हबकडे थोडा सरकवून ठेवा, आणि त्याचा हात इतका लवचीक करा की सुई वाकायच्या आधी तो उघडेल.

‘टक्’ असा आवाज यायला हवा आणि बोटाला धक्काही कळायला हवा. वॉर्डात पंखे, रडणारी मुलं, नातेवाईक. नुसत्या आवाजावर भिस्त ठेवू नका. अर्धवट बसलेलं झाकण दिसायलाही वेगळं दिसलं पाहिजे. सगळ्यात वाईट डिझाइन ते, जे अर्धं बसल्यावरही पूर्ण बसल्यासारखं दिसतं.

अंगठा टेकायची जागा हबच्या मागच्या बाजूला, रुंद आणि खरबरीत करा, ओल्या मोज्यातून घसरणार नाही अशी. झाकणाच्या टोकाशी खरबरीत पट्टी दिली की अंगठा आपसूक तिथेच जातो, सुईच्या दिशेने. हात जिथे जाऊ नये ती जागा गुळगुळीत ठेवा.

तपासणी: झाकण बंद करून ते परत उघडायला लागणारा जोर पुश-पुल गेजने (ढकलण्या-ओढण्याचा जोर मोजणाऱ्या साधनाने) मोजा. बंद करायच्या जोराच्या तो कित्येक पट असावा. दोन्ही आकडे जवळजवळ असतील तर खटक्याचं तोंड सरळ नाही, कुठेतरी उतार राहिला आहे.

## ६. प्रिंट कशासाठी, आणि कशासाठी नाही

थ्रीडी प्रिंटवर हाताची पकड, अंगठ्याचं अंतर, झाकणाची दिशा, बेव्हल दिसतो की नाही, एवढं कळतं. खटका आणि बिजागरी मुळीच कळत नाही. थरांनी बनलेली पातळ बिजागरी दोन-तीन वेळा दुमडली की थरांवर तुटते. रेझिनची तर काचेसारखी जाते. म्हणून प्रिंटसाठी बिजागरीच्या जागी छोटी पिन घाला आणि तेवढ्यावरच निष्कर्ष काढा. पीएलए, म्हणजे थ्रीडी प्रिंटचं नेहमीचं प्लास्टिक, ५५–६० अंशांना मऊ पडायला लागतं. एप्रिल-मे मध्ये उन्हात लावलेल्या गाडीत नमुने ठेवले तर लातूरहून संभाजीनगरला पोहोचेपर्यंत मापं गेलेली असतात.

सुईच्या जागी ०.६ मिमीची बोथट तार लावा. या टप्प्यावर खरी सुई कुणाच्याही हातात द्यायची नाही. टोचायला फोम किंवा सिलिकॉनचा पॅड, डाव्या हातात कापसाचा बोळा, हातात ओले मोजे, आणि सांगणारं कुणी नाही. सिस्टरना नमुना द्या, सूचना देऊ नका, बघत राहा. त्यांचं बोट एकदा जरी तारेच्या टोकापुढे गेलं तर चूक त्यांची नाही, आकाराची आहे; पायरी ४ वर परत या. ‘शिकवलं की जमेल’ असं म्हणायचा मोह इथे फार होतो. रात्रपाळीला नवीन आलेल्याला कोण शिकवणार?

## ७. माल आणि मोल्ड

बिजागरी आणि झाकण एकाच तुकड्यात ओतायचं असेल तर पॉलिप्रॉपिलीन, वैद्यकीय दर्जाचा दाणा (कच्चं प्लास्टिक). घरच्या डब्याबादलीच्या दाण्यावर ट्रायल काढून मापं पास करू नका. आकुंचन वेगळं, लवचीकता वेगळी. पुन्हा दळलेला माल तर मिसळायचाच नाही, ही गोष्ट मशीनवरच्या माणसाला स्वतः सांगा, कारण त्याची रोजची सवय तीच आहे.

बिजागरीची जाडी साधारण ०.२५ ते ०.४ मिमीत ठेवा. गेट (साच्यात माल शिरायचं तोंड) अशा जागी द्या की वितळलेला माल बिजागरी ओलांडून, तिच्या पूर्ण रुंदीतून एकसारखा पुढे जाईल. दोन बाजूंनी दोन गेट दिले तर प्रवाह नेमके बिजागरीवर भेटतात आणि तिथे जोडरेषा पडते. ती बिजागरी तुटणारच. भाग मोल्डमधून पडला की गरम असतानाच बिजागरी काही वेळा पूर्ण दुमडायची. त्याने आतले रेणू एका दिशेला ताणले जातात आणि बिजागरी टिकते. थंड झाल्यावर पहिल्यांदा दुमडली तर पांढरी रेघ उमटते.

माप लगेच घेऊ नका. पॉलिप्रॉपिलीन ओतल्यानंतरही बराच वेळ आकसत राहतं. एक-दोन दिवस थांबून मगच व्हर्निअर लावा. मशीनशेजारी झकास वाजणारा खटका तिसऱ्या दिवशी सैल लागतो तो यामुळेच.

झाकणाच्या आतला आकडा मोल्डमध्ये अंडरकट होतो, म्हणजे त्यात अडकून भाग सरळ बाहेर येत नाही. तो बाजूने सरकणाऱ्या भागाने काढायचा की समोर खिडकी ठेवून सरळ, हे डिझाइनच्या वेळीच मोल्डमेकरसोबत बसून ठरवा. चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूलरूम किंवा सिपेटसारख्या (प्लास्टिक तंत्रज्ञानाची केंद्रीय संस्था) ठिकाणी या विषयाची जाण असलेली माणसं भेटतात. पहिला मोल्ड एका कॅव्हिटीचा (एका वेळी एकच भाग देणारा), ॲल्युमिनियमचा, बदलता येईल असा. आठ कॅव्हिटीचं स्टीलचं टूल पायरी ८ संपल्याशिवाय काढायचं नाही.

खबरदारी: पाकिटात झाकण उघडं, जसं ओतलं त्याच स्थितीत ठेवा. ताणून अर्धं दुमडलेलं झाकण महिनोन्‌महिने तसंच राहिलं तर माल त्या आकाराला सरावतो आणि खटक्याचा जोर जातो.

## ८. चाचणी: तोडायच्या इराद्याने

सुरक्षा-कव्हरसाठी आयएसओ २३९०८ हे मानक आहे. ते विकत घ्या किंवा ग्रंथालयातून वाचा, आणि चाचणीची मापं तिथूनच उचला. बंद करायचा जोर, बंद स्थितीत ते किती जोर सोसतं, बंद असताना बोट टोकाला पोचतं का आणि वापराची नक्कल, हे चार विषय त्यात येतात. सुईच्या चाचण्या आयएसओ ७८६४ मध्ये वेगळ्या आहेत. कव्हर बसवल्यावर सुई हबमधून सैल होत नाही ना, हे त्यातून बघा.

नमुने किती? ‘पन्नास बघितले, सगळे चालले’ हे ऐकायला छान, पण पन्नासात शून्य बिघाडावरून ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की बिघाडाचं प्रमाण सहा टक्क्यांच्या आत असावं. शंभर सुयांत सहा उघड्या! तीन भागिले नमुन्यांची संख्या, हा साधा हिशेब लक्षात ठेवा: तीनशेला एकही न बिघडता एक टक्का, पाचशेला ०.६ टक्का. एक जरी बिघडला तरी तो नमुना बाजूला टाकून मोजणी पुढे चालू ठेवायची नाही. कारण शोधायचं, दुरुस्त करायचं, आणि शून्यापासून सुरू.

चाचणी तीन अवस्थांत करा: ताजे भाग, निर्जंतुक केलेले भाग आणि जुने केलेले भाग. जुने करायला भट्टी वापरतात. साधारण नियम असा की दर १० अंशांना जुनेपणाचा वेग दुप्पट होतो. म्हणजे २५ ऐवजी ५५ अंशांना ठेवलं तर आठपट, एक वर्ष साधारण ४६ दिवसांत. तापमान त्याहून वाढवून दिवस वाचवायला जाऊ नका. प्लास्टिक वेगळ्याच कारणाने वाकतं आणि निकाल फसतो.

आपल्याकडचं हवामानही चाचणीत घ्या. उपकेंद्राच्या खोलीत एसी नसतो, मे महिन्यात बाहेर पारा चाळिशीच्या वर. उलट डिसेंबर-जानेवारीत परभणीकडे पहाटे तो दहाच्या खाली जातो आणि थंडीत पॉलिप्रॉपिलीन कडक आणि ठिसूळ होत जातं. खटका ४५ अंशांना सैल आणि ८ अंशांना कडक, या दोन्ही टोकांना एका अंगठ्याने पडला पाहिजे.

वापराच्या नकलेत खऱ्या, नव्या, निर्जंतुक सुया आणि पॅड. माणूस नाही, स्वतःचा हातही नाही. डावखुरे, मोठ्या हाताचे, लहान हाताचे असे सगळे घ्या. बंद झालेले नमुने कंबरेच्या उंचीवरून फरशीवर टाका, पांढऱ्या डब्यात भरून डबा हलवा, मग प्रत्येकाचं टोक तपासा. सिरिंजवरून फिरवून काढताना झाकण उघडतं का, तेही बघा. बरेच खटके सरळ ओढीला टिकतात आणि पिळाला सुटतात.

## ९. निर्जंतुकीकरण, पाकीट, परवाना

साध्या पॉलिप्रॉपिलीनला गॅमा किरण मानवत नाहीत, ते ठिसूळ होतं. त्यामुळे बहुधा इथिलीन ऑक्साइड, किंवा गॅमासाठीच बनवलेला खास दर्जाचा दाणा. वायू आत-बाहेर होईल असं पाकीट लागतं, आणि झाकणाच्या आत बंद खोबण असेल तर वायू तिथे अडकून राहतो. उरलेल्या वायूची मोजणी आयएसओ १०९९३-७ प्रमाणे करून घ्या. हे काम प्रयोगशाळेचं आहे, घरी करायचं नाही.

कागदपत्रं पायरी १ पासूनच लिहीत या. आयएसओ १४९७१ प्रमाणे जोखमीचा तक्ता शेवटच्या आठवड्यात भरला की तो नुसता भरायचा म्हणून भरला आहे, हे वाचणाऱ्याला लगेच कळतं. वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ खाली एकदाच वापरायची सुई ‘ब’ वर्गात येते. चाचणी, मूल्यमापन किंवा प्रात्यक्षिकासाठी थोडे नमुने बनवायलाही परवाना लागतो: अर्ज एमडी-१२ मध्ये, परवाना एमडी-१३ मध्ये, केंद्राच्या औषध नियंत्रण संस्थेकडून. विक्रीसाठी बनवायचं तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे एमडी-३ चा अर्ज आणि एमडी-५ चा परवाना. रुग्णावर वापरून बघायचं असेल तर नैतिकता समितीची मंजुरी वेगळी. ‘ओळखीच्या डॉक्टरांकडे देऊन बघू’ याला इथे जागा नाही.

परवाना मिळाल्यावर दाण्याचा दर्जा, डिझाइन, निर्जंतुकीकरणाची पद्धत किंवा आतलं पाकीट बदलायचं झालं तर नियमांत तो मोठा बदल धरला जातो आणि आधी मंजुरी घ्यावी लागते. दाण्याचा भाव उतरला म्हणून खरेदी विभागाने पुरवठादार बदलला आणि डिझाइनवाल्याला तक्रार आल्यावर कळलं, असं होऊ नये म्हणून दाण्याच्या नावासमोर ‘न विचारता बदलू नये’ असं ड्रॉइंगवरच छापून घ्या, आणि बदल झालाच तर पायरी ८ पूर्ण पुन्हा करा.